ट्रॉम्सो, फेब्रुवारी-मार्च : आजी-आजोबा आणि मुलांसह जाणाऱ्यांसाठी

नॉर्दर्न लाइट्स बघायला नॉर्वेला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी नाताळच्या सुट्टीच्या तारखा बघितल्या जातात. सुट्टी हाताशी असते, म्हणून ते साहजिकच आहे. पण उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारच्या सुमारास काही तास निळसर उजेड असतो, बाकी काळोख. जोडीनं गेलात तर त्यातही मजा आहे. सोबत सात वर्षांचं मूल आणि सत्तरीची आजी असेल तर मात्र दुसऱ्याच दिवशी घरात कुरकुर सुरू होते, आणि ती थंडीमुळे नसते, काळोखामुळे असते.

म्हणून कुटुंबानं जायचं तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य हाच काळ धरावा, असं माझं ठाम मत आहे. रात्री पुरेसा अंधार असतो, दिवसा पुरेसं ऊन असतं आणि बर्फ भरपूर असतो.

तारखा ठरवताना

ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला साधारण ३५० किलोमीटरवर, एका बेटावर वसलेलं बंदराचं शहर आहे. इतक्या वर असल्यामुळे तिथला दिवस भराभर बदलतो. १० फेब्रुवारीला दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो, २५ फेब्रुवारीला तो नऊ तासांच्या आसपास पोचतो आणि २० मार्चला बारा तासांचा होतो. रोज साधारण नऊ मिनिटांची भर पडते. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि मग नीट अंधार पडायला रात्रीचे नऊ वाजून जातात. लहान मुलांना तेवढं जागवणं अवघड, म्हणून मार्चचा शेवट टाळलेला बरा.

थंडीचा बाऊ करू नका. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे इथलं बंदर गोठत नाही आणि फेब्रुवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चार अंशांच्या आसपास असतं. शहराच्या बाहेर आतल्या खोऱ्यांत मात्र पारा उणे पंधरा-वीसपर्यंत उतरू शकतो. बर्फाचा थर सगळ्यात जाड होतो तो मार्च-एप्रिलमध्ये. शहरातला विक्रम २४० सेंटिमीटरचा आहे आणि तो २९ एप्रिल १९९७ रोजी नोंदला गेला, यावरून कल्पना यावी.

आता अडचणी. महाराष्ट्रात हा काळ परीक्षांचा असतो. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर विषयच संपला. बालवाडी ते चौथीपर्यंतच्या मुलांना आठवडाभर रजा मिळवणं त्या मानानं सोपं. ब्रिटन-युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना फेब्रुवारीतली शाळेची छोटी सुट्टी मिळते. आई-बाबांना भारतातून बोलावून तिथून एकत्र जायचं असेल तर ती उत्तम संधी आहे. तारखा पक्क्या करण्याआधी त्या वर्षीचा ईस्टर कधी आहे तेही बघा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारपासून सोमवारपर्यंत दुकानं जवळजवळ बंद असतात. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे.

देवमासे बघण्याची आशा मनात असेल तर ती या सहलीपुरती सोडा. हेरिंग माशांच्या मागे येणारे हंपबॅक आणि ओर्का नोव्हेंबर ते जानेवारी इथल्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्यांमध्ये, असतात, त्यानंतर निघून जातात.

व्हिसा

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. सहलीतले सर्वांत जास्त दिवस ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. विमान फ्रँकफुर्टला बदलत असलं तरी मुक्काम ट्रॉम्सोत असेल तर अर्ज नॉर्वेकडेच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि नियमानं किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. घरातल्या पाच-सहा जणांचा अर्ज असेल तर मी म्हणेन, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच उरकून टाका. अर्ज द्यायला केंद्रातली वेळ सगळ्यांना एकदम मिळणं हेच कठीण असतं.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा वर्षं पूर्ण ते बाराच्या आतल्या मुलांना ४५ युरो आणि सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा. बाराच्या आतल्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. मुलांसाठी जन्मदाखला आणि आई-वडील दोघांचीही संमती लागते. बाबा कामामुळे येत नसतील तर त्यांचं संमतिपत्र विसरू नका. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाचं कवच किमान ३०,००० युरोंचं लागतं. ज्येष्ठांसाठी विमा घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दलचं कलम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

विमान आणि मुक्काम

ट्रॉम्सोला रेल्वे नाही. ऑस्लोहून विमानानं दोन तासांच्या आत पोचता येतं. मुंबईहून आखाती किंवा युरोपी शहरामार्गे ऑस्लो आणि तिथून ट्रॉम्सो, हा नेहमीचा मार्ग. ऑस्लोला बॅगा ताब्यात घेऊन, कस्टममधून जाऊन पुन्हा देशांतर्गत विमानासाठी जमा कराव्या लागू शकतात. तिकीट काढतानाच कंपनीला विचारा आणि दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा. सगळी तिकिटं एकाच बुकिंगमध्ये असू द्या, म्हणजे पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी राहते.

विमानतळ बेटाच्या पश्चिम काठावर आणि शहराचं केंद्र पूर्व काठावर आहे. अंतर जेमतेम पाच किलोमीटर. वाटेत बेटाच्या पोटातून जाणारे बोगदे लागतात, त्यांत चक्क चौक आणि वळसे आहेत. मुलांना ते फार आवडतात. शहर बससुद्धा जाते आणि ती विमानतळाच्या खास बसपेक्षा बरीच स्वस्त पडते.

राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. स्टोरगाटा या मुख्य रस्त्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत आणि शक्यतो सपाटीवर असलेलं. शहर टेकडीच्या उतारावर आहे. नकाशावर तीनशे मीटर दिसणारं घर प्रत्यक्षात गोठलेल्या चढावर निघतं आणि आजी घरातून बाहेर पडायलाच तयार होत नाहीत. फोटोंमध्ये खोल्या बघता तसा रस्त्याचा चढही बघा. शहराच्या जागा या हंगामात लवकर भरतात, चार-पाच महिने आधी बुकिंग केलेलं बरं.

गाडी भाड्यानं घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. बर्फावर गाडी चालवण्याचा अनुभव नसेल तर घेऊ नका. तिथे हिवाळ्यात खिळ्यांचे टायर असतात, रस्ते साफ केलेले असतात, सगळं खरं. पण रात्री आकाशाकडे बघत अनोळखी, निसरड्या रस्त्यावर उजव्या बाजूनं गाडी हाकणं हे कुटुंबाला घेऊन करायचं काम नाही. शहरात बस पुरते आणि बाहेरच्या सहलींना कंपन्यांची वाहनं मिळतात. बुकिंग करताना मुलांची उंची कळवा. तिथे १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत वेगळी सीट लागते.

कपडे : इथे पैसे वाचवू नका, पण उधळूही नका

तीन थर लक्षात ठेवा. अंगाला लागून लोकरीचं किंवा चांगलं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि ओल अडवणारं जाकीट. आतला सुती बनियन काढून ठेवा. मुलं बर्फात खेळून घामेजली की सुती कपडा ओला होतो, वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतो. मोज्यांचंही तेच, लोकरीचेच घ्या. बूट एक माप मोठे हवेत. दोन जाड मोजे घालून पाय बुटात कोंबले तर रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात.

लहान मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी चार बोटं एकत्र राहणारे घ्या आणि दोन जोड्या ठेवा, कारण एक हरवणारच. आजोबांची माकडटोपी खुशाल न्या, तिथे तिचं खरं सार्थक होतं. गॉगलही घ्या. मार्चमधलं ऊन बर्फावरून परतून थेट डोळ्यांवर येतं.

जाड जाकिटं इथून विकत घेण्याआधी एक बघा : कुत्र्यांच्या स्लेजच्या आणि नॉर्दर्न लाइट्सच्या सहलींमध्ये बहुतेक कंपन्या डोक्यापासून पायापर्यंतचा गरम सूट आणि बूट वापरायला देतात. तुमच्या जाकिटाला शहरातली उणे पाचची थंडी झेपली तरी पुरे.

ज्या वस्तूबद्दल भारतात कुणी सांगत नाही ती म्हणजे बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे. तिथे त्यांना ब्रॉडर म्हणतात. पोचल्या दिवशी, बाकी काही करण्याआधी, खेळसाहित्याच्या दुकानातून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक जोडी घ्या. समुद्रकाठच्या हवेत बर्फ दिवसा थोडा वितळतो आणि रात्री गोठून काचेसारखा होतो. या सहलीत ज्येष्ठांना सर्वांत मोठा धोका थंडीचा नाही, घसरून पडण्याचा आहे. दुकानात शिरताना पट्टे काढायचे, कारण फरशीवर तेच घसरतात. चालताना पाऊल छोटं टाकायचं आणि पूर्ण तळवा टेकवायचा, हात खिशात घालायचे नाहीत. इमारतींच्या भिंतीला अगदी लागूनही चालू नका. छपरांवरून बर्फाचे गठ्ठे खाली येतात. फुटपाथवर काठ्या तिरप्या लावून ठेवलेल्या दिसल्या तर तो त्याचाच इशारा आहे.

बाबागाडी नेऊ नका, ताज्या बर्फात तिची चाकं रुततात. तान्ह्याला अंगाशी बांधायची झोळी आणि थोड्या मोठ्याला ओढायची छोटी घसरगाडी, हे तिथल्या आयाही करतात.

खाणं

नॉर्वे महाग आहे. एक क्रोनर साधारण आठ-नऊ रुपयांचा धरा. हॉटेलात एका माणसाचं मुख्य जेवण तीनशे क्रोनरच्या आसपास सहज जातं. सहा जणांचं गणित तुम्हीच करा. म्हणूनच स्वयंपाकघर हवं. रेमा १०००, किवी, कोऑप अशा दुकानांत तांदूळ, मसूर, दही, अंडी, भाज्या, ब्रेड सगळं मिळतं. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच सामान भरा. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटल्या विकत घेऊ नका. रोख पैशांची जवळजवळ गरज पडत नाही, कार्ड सगळीकडे चालतं.

घरून काय न्यायचं यावर थोडं थांबतो, कारण इथे अनेकांची पंचाईत होते. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, तुपाची बरणी, पनीर काहीच नाही. बटाटे न्यायला बंदी आहे आणि बहुतेक ताज्या फळभाज्यांना प्रमाणपत्र लागतं. तुपातले लाडू घरीच ठेवा. भडंग, पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, मेतकूट, तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या हे न्या. मेतकूट आणि गरम भात, वर तिथलंच लोणी : बर्फातून भिजून आल्यावर यापेक्षा चांगलं जेवण मला सुचत नाही.

शाकाहारी असाल तर सहलीचं बुकिंग करतानाच लेखी कळवा आणि अंडं चालत नसेल तर ते वेगळं लिहा. तिथे शाकाहारात अंडं येतं. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. जानेवारी ते एप्रिल हा स्क्रायचा हंगाम. हा कॉड मासा बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला या किनाऱ्यावर येतो. त्याचं घट्ट, पांढरंशुभ्र मांस नुसतं उकडून, कलेजी आणि गाबोळीबरोबर खातात. गाबोळीवर जीव असलेल्या कोकणी-मालवणी माणसानं हे चुकवू नये.

नॉर्दर्न लाइट्स

ट्रॉम्सो ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याच्या अगदी खाली येतं. त्यामुळे मोबाइलवरच्या ॲपमध्ये केपी (चुंबकीय वादळाचा जोर दाखवणारा) आकडा एक-दोन दिसला म्हणून निराश होऊ नका, इथे तेवढा पुरतो. खरा अडथळा ढगांचा. समुद्रकाठी आभाळ भरून येतं, तर आत शिबोत्नच्या बाजूला किंवा फिनलंडच्या सीमेकडे ते बऱ्याचदा निवळ असतं. चांगले वाटाडे हवामान बघून त्या दिशेला नेतात, म्हणून पासपोर्ट सोबत ठेवा. ढगांचा अंदाज नॉर्वेच्या हवामान खात्याच्या 'वायआर' या सेवेवर तासातासाचा मिळतो.

आता वेळेचं गणित. तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. रात्री दहाला प्रकाश नाचत असतो तेव्हा भारतातून नुकत्याच आलेल्या मुलाच्या शरीरात पहाटेचे अडीच वाजलेले असतात. पहिल्याच रात्रीची सहल घेतली तर मूल बसमध्ये झोपतं, उठवलं तर रडतं आणि पैसे वाया जातात. पहिली रात्र सगळ्यांनी झोपून काढा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्रीची सहल घ्या आणि त्या दुपारी मुलांना दोन तास सक्तीनं झोपवा. एकच रात्र धरून बसू नका, किमान चार-पाच रात्री मुक्काम ठेवा. बसमधल्या सहलीला माणशी साधारण दीड-दोन हजार क्रोनर पडतात आणि परतायला रात्रीचा एक-दीड होतो. काही कंपन्या अगदी लहान मुलांना घेत नाहीत, तेव्हा वयाची अट आधी वाचा. लहान मुलं असतील तर हिंडणाऱ्या बसपेक्षा एका जागी गरम तंबू आणि शौचालय असलेला तळ बरा.

आणि सहलच हवी असंही नाही. आकाश निरभ्र असेल तर बेटाच्या मध्यावरचं प्रेस्टवान्ने तळं किंवा दक्षिण टोकाचा टेलिग्राफबुक्ता किनारा इथूनही छान दिसतं. घरातल्या एका मोठ्यानं खिडकीपाशी पहारा द्यायचा, दिसलं की बाकीच्यांना उठवायचं. मुलांना आधीच सांगून ठेवा की डोळ्यांना हा प्रकाश फोटोपेक्षा फिकट दिसतो, कधी कधी नुसत्या राखाडी पट्ट्यासारखा, आणि मग अचानक हिरवा होऊन हलू लागतो. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते.

दिवसा काय

या ऋतूचं खरं सुख दिवसात आहे. एका दुपारी पूल ओलांडून ट्रॉम्सडालेनला जा. १९६५ सालचं आर्क्टिक कॅथिड्रल तिथेच आहे. तिथून जवळच केबल कार आहे, ती ४२१ मीटर उंचीच्या स्टोरस्टाइनेनवर नेते. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचा. उन्हात बेट दिसतं, मग गुलाबी डोंगर, मग शहराचे दिवे. वर उपाहारगृह आहे, ज्येष्ठांना आत बसता येतं. वारा जोरात असेल तर केबल कार बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी खात्री करा. वर गेल्यावर खुणा केलेल्या वाटेबाहेर जाऊ नका, हिमकड्यांचा धोका असतो.

पोलारिया मत्स्यालयातले दाढीवाले सील मुलांना खिळवून ठेवतात, त्यांना खाऊ घालायची वेळ विचारून जा. ध्रुवीय संग्रहालय थोड्या मोठ्या मुलांसाठी. दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेला आमुंडसेन १९२८ च्या जूनमध्ये याच शहरातून नोबिले या इटालियन संशोधकाच्या हरवलेल्या हवाई जहाजाच्या शोधात निघाला आणि परतला नाही. ती गोष्ट आदल्या रात्री मुलांना सांगून ठेवलीत तर तिथल्या वस्तू बोलू लागतात. तिथे शिकारीचे देखावे आहेत, फार लहान मुलं घाबरू शकतात.

बाहेरच्या सहलींमध्ये कुत्र्यांची स्लेज आणि रेनडिअर या दोन्ही महाग आहेत. दोन्ही परवडत नसतील तर आजी-आजोबा सोबत असताना रेनडिअर निवडा. स्लेजमध्ये धक्के बसतात, पाठीचा त्रास असलेल्यांना ते सोसत नाही. रेनडिअरच्या सहलीत सामी लोकांच्या लाव्वू तंबूत शेकोटीभोवती बसायला मिळतं आणि त्यांचं योइक गाणं ऐकायला मिळतं. सामी हे या भागाचे मूळ रहिवासी. त्यांची भाषा शाळांतून दडपली गेली, तरी त्यांनी ती जपली. त्यांना त्याबद्दल विचारा, ते मोकळेपणानं बोलतात. किती रेनडिअर आहेत हे मात्र मालकाला विचारू नका. आपल्याकडे कुणाला बँकेतली शिल्लक विचारण्याइतकं ते अशिष्ट समजतात.

आणि एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. प्लॅस्टिकची घसरगाडी विकत घ्या आणि मुलांना जवळच्या उतारावर सोडा. दमलं, गारठलं की शहराच्या सार्वजनिक वाचनालयात जा. मोठ्या काचांमधून बाहेरचं दिसतं, आत ऊब असते, मुलांचा विभाग असतो आणि पैसे लागत नाहीत.

तब्येत आणि परतीचा दिवस

रोजची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा, आठवडाभराची जास्तीची घेऊन. रुग्णवाहिकेसाठी ११३ आणि तातडीचं नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७ हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. ट्रॉम्सोत विद्यापीठाचं मोठं रुग्णालय आहे, त्या बाबतीत काळजी नसावी. घरातली हवा हीटरमुळे कोरडी होते, म्हणून मुलांना तहान नसली तरी पाणी पाजत राहा आणि बाहेर पडताना त्यांच्या गालांना व्हॅसलीन लावा.

परतीला ट्रॉम्सोहून निघालेल्या दिवशीच ऑस्लोहून मुंबईचं विमान धरू नका. बर्फाच्या वादळानं ट्रॉम्सोची विमानं काही तास रखडणं या दिवसांत नेहमीचं आहे. ऑस्लोला विमानतळाजवळ एक रात्र काढा. ब्रॉडरच्या जोड्या मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत त्यांचे खिळे सुरक्षा तपासणीत अडवले जाऊ शकतात.